निघालेला फोटो, निघून जाणारा फोटो: इन्स्टंट फोटोच्या प्रयोगांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

### इन्स्टंट फोटो म्हणजे नेमकं काय? छोटा प्रिंटर जोडलेला डिजिटल कॅमेराही तेच करतो ना?

नाही. प्रिंटर तयार प्रतिमा कागदावर छापतो, आणि हवी तितक्या वेळा छापतो. इन्स्टंट फिल्मच्या ज्या तुकड्यावर उजेड पडला, तोच तुकडा तुमच्या हातात येतो. निगेटिव्ह, डार्करूम, रसायनं, कागद, सगळं त्या एका पातळ पाकिटात असतं. मराठीत आपण फोटो ‘काढतो’. इतर कॅमेऱ्यांच्या बाबतीत ते बोलण्यापुरतं. इथे तो घर्रर्र आवाज करत खरोखर बाहेर निघतो. आणि निघतो तेव्हा तो झालेला नसतो. खालच्या बहुतेक उत्तरांचं मूळ या एका गोष्टीत आहे.

### याची सुरुवात कशी झाली?

१९४३ साली एडविन लँड अमेरिकेतल्या सांता फे इथे सुट्टीवर असताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारलं, आत्ता काढलेला फोटो आत्ताच का दिसत नाही? लँड यांची पोलरॉइड कंपनी तोवर प्रकाशाचं ध्रुवीकरण करणाऱ्या काचा आणि चष्म्यांसाठी ओळखली जात होती. फेब्रुवारी १९४७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये मिनिटभरात तयार होणाऱ्या फोटोचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये बॉस्टनच्या एका दुकानात पहिला कॅमेरा विक्रीला आला. तेव्हाचा फोटो तपकिरी छटेचा असायचा, रंग आले १९६३ मध्ये. आपल्या डोळ्यांसमोर जो चौकोनी, खाली जाड पांढरी पट्टी असलेला फोटो येतो, तो १९७२ च्या एसएक्स-७० कॅमेऱ्याचा.

पुढची हकीकत चढउताराची आहे. २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, २००८ मध्ये फिल्मचं उत्पादन थांबवत असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी काही जणांनी नेदरलँड्समधल्या एन्शेडे इथल्या कारखान्याची यंत्रं भंगारात जाण्याआधी विकत घेतली आणि ‘इम्पॉसिबल प्रोजेक्ट’ सुरू केला. कारखाना हाती होता, पण जुनी रसायनं बाजारात मिळत नव्हती, त्यामुळे फिल्म नव्याने शोधून काढावी लागली. २०१० मध्ये बाहेर पडलेली त्यांची फिल्म लहरी होती. ती कॅमेऱ्यातून निघताक्षणी झाकावी लागे, नाहीतर उजेडाने खराब होई. मला विचाराल तर आजच्या प्रायोगिक इन्स्टंट फोटोग्राफीतला निम्मा उत्साह त्या लहरी फिल्मनेच दिलाय. जी फिल्म ऐकतच नाही, तिच्याकडून काम करून घेण्यापेक्षा तिच्याबरोबर काम करायला लोक तिथे शिकले. पुढे याच मंडळींनी पोलरॉइड हे नाव घेतलं; आजची पोलरॉइड फिल्म त्यांचीच.

### त्या पाकिटात नक्की काय घडतं?

हे एकदा समजून घ्याच, कारण प्रत्येक प्रयोग म्हणजे या साखळीतल्या कुठल्यातरी कडीला दिलेला हिसका असतो.

फिल्ममध्ये एकावर एक थर असतात. त्यांपैकी तीन निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाला प्रतिसाद देतात आणि प्रत्येकाच्या जोडीला एका रंगाचा थर असतो: पिवळा, किरमिजी, निळसर. फोटोच्या खालच्या जाड पट्टीत एक छोटी पुडी असते, तिच्यात घट्ट, अल्कधर्मी रसायन भरलेलं असतं. ती पट्टी शोभेसाठी नाही, पुडी मावावी म्हणून जाड आहे. फोटो दोन रोलरमधून पिळून बाहेर येतो तेव्हा पुडी फुटते आणि रसायन सगळीकडे सारखं पसरतं.

मग रंग प्रवासाला निघतात. ज्या ठिकाणी उजेड पडला तिथला रंग जागेवरच अडकून पडतो, जिथे उजेड पडला नाही तिथला सुटून वरच्या थरात येतो. फोटोतली पांढरी भिंत म्हणजे तिन्ही रंग खाली अडकले ती जागा. तिचा पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा, म्हणजे पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये असतो त्याच पदार्थाचा. काळी सावली म्हणजे तिन्ही वर आले ती जागा.

हे सगळं चालू असताना बाहेरचा उजेड आत शिरू नये म्हणून रसायनातच एक गडद पडदा मिसळलेला असतो. आतली अल्कधर्मिता टिकून आहे तोवर तो गडद राहतो. पाकिटातला आम्लाचा थर हळूहळू ती मारतो, तसा पडदा विरतो आणि रंगांचा प्रवासही थांबत जातो. म्हणजे फोटो ‘उमटताना’ दिसतो तेव्हा दोन गोष्टी एकदम चालू असतात: खालून चित्र येतंय आणि वरून पडदा जातोय.

### फोटो हलवायचा की नाही?

नाही. सुरुवातीच्या कृष्णधवल फोटोंना टिकाऊपणासाठी बोळ्याने लाखेसारखा लेप लावावा लागायचा, तो सुकावा म्हणून लोक हलवायचे. आता चित्र प्लास्टिकच्या आड बंद असतं, त्याला वारा लागतच नाही. जोराने हलवला तर थर सुटून डाग मात्र पडू शकतात.

### मग ती दहा-पंधरा मिनिटं करायचं काय?

फोटो पालथा ठेवून उजेडापासून जपायचा. रंगीत पोलरॉइडला दहा ते पंधरा मिनिटं लागतात, कृष्णधवलला त्याहून कमी.

पण खरं सांगायचं तर मी अधूनमधून चोरून बघतो. मागच्या वेळी खिडकीत ठेवलेल्या काचेच्या बरणीचा फोटो काढला. आधी नुसता निळसर चौकोन. मग त्यात खिडकीच्या चौकटीची फिकट रेघ, बरणी नाहीच. थोड्या वेळाने बरणीची सावली आली, आणि सावली आल्यावर काही क्षणांनी बरणी. वस्तूच्या आधी तिची सावली पोचली. सगळ्यात शेवटी ऊबदार रंग भरले. तयार झालेला फोटो साधारणच आहे, बरणी थोडी कललेलीसुद्धा आहे. पण ती मधली दोन मिनिटं फक्त मी पाहिली, आणि ती कुठेच नोंदलेली नाहीत.

### ‘प्रायोगिक’ म्हणजे मुद्दाम बिघडवणं का?

काही वेळा हो. पण मुख्यतः, कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत ‘असं करू नका’ म्हणून लिहिलेल्या सूचना कृती म्हणून वाचणं. पुस्तिका म्हणते थंडीत फोटो काढू नका, तर बघू थंडीत काय होतं. म्हणते उमटत असताना दाबू नका, तर बघू दाबून.

यात एक अट मी स्वतःला घालून घेतलीय: काय बदललं ते लिहून ठेवायचं. पांढऱ्या पट्टीवर मागच्या बाजूने पेन्सिलीने ‘फ्रीज, ५ मि.’ एवढं लिहिलं तरी पुरे. नाहीतर तो प्रयोग नाही, निव्वळ सांडलवंड.

### नवख्याने कशापासून सुरुवात करावी?

तापमानापासून. पोलरॉइडच्या फिल्मला १३ ते २८ अंश सेल्सिअस मानवतं. त्याखाली फोटो फिका आणि निळसर-हिरवट होतो, कारण रसायनांचा वेग मंदावतो. त्यावर पिवळट-तांबूस होतो. एकाच वस्तूचे तीन फोटो काढा. एक उमटताना फ्रीजमध्ये ठेवा, एक टेबलावर, एक अंगावरच्या कपड्यांच्या आतल्या खिशात. तिन्ही शेजारी मांडल्यावर फिल्म किती हळवी आहे ते कळतं. (फ्रीजरमध्ये नको. न वापरलेला पॅक तर मुळीच नको, गोठल्यावर पुडीतलं रसायन कामातून जातं.)

दुसरं, दुहेरी एक्स्पोजर, म्हणजे फिल्मच्या एकाच तुकड्यावर दोन फोटो. बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत त्याची सोय असते. एक गोष्ट लक्षात ठेवली की पुरे: दुसरं चित्र पहिल्याच्या अंधारातच बसतं. पहिल्या फोटोत उजळ आकाश असेल तर तिथे दुसऱ्याला जागाच उरत नाही. म्हणून आधी गडद पार्श्वभूमीवरचा चेहरा, मग झाडाच्या फांद्या. उलट क्रमानेही जमतं, पण अंधार कुठे शिल्लक आहे ते डोक्यात धरून ठेवावं लागतं.

तिसरं, दाब. फोटो निघाल्यानिघाल्या बोथट वस्तूने मागून दाब दिला की रसायन तिथून सरकतं आणि तिथे चित्र अर्धवट राहतं. रेघा, वलयं, भेगा मिळतात. हाताचा अंदाज येईपर्यंत एक-दोन फोटो जातील.

पॅक आधीच पाण्यात किंवा कसल्या द्रावात भिजवून मग कॅमेऱ्यात घालण्याचा प्रकार मात्र टाळा. मी एकदा केला. फिल्म नीट सुकली आहे असं मला वाटलं होतं. दुसराच फोटो रोलरमध्ये चिकटला, आतली पुडी भलतीकडे फुटली आणि ते गिअर साफ करण्यात माझा रविवार गेला. कॅमेरा वाचला, पॅक नाही.

### इमल्शन लिफ्ट काय असतं? घरी करता येतं?

येतं, आणि माझ्या मते या सगळ्यात हाच प्रकार सर्वांत देखणा. फोटोचं चित्र त्याच्या प्लास्टिकपासून सोडवून दुसऱ्या कशावर तरी बसवायचं.

पूर्ण उमटलेला, पण फार जुना नसलेला पोलरॉइड घ्या. हातमोजे घाला, आतलं रसायन अल्कधर्मी असतं, कातडीला आणि विशेषतः डोळ्यांना त्रास देतं. पांढरी चौकट कात्रीने कापून टाका, मग काळी पाठ आणि पारदर्शक पुढचा भाग हलक्या हाताने एकमेकांपासून सोलून काढा. चित्र पारदर्शक भागाला चिकटलेलं राहतं. तो भाग कोमट पाण्याच्या पसरट ट्रेमध्ये सोडा. थोड्या वेळाने कडा सुटायला लागतात. मऊ ब्रश कडेखालून आत सारत राहायचा, घाई करायची नाही.

आणि मग ते सुटतं. दुधावरची साय चमच्याने बाजूला करताना जशी सुरकुतते, तसं चित्र पाण्यात गोळा होतं, पुन्हा पसरतं. त्यात माणसाचा चेहरा असेल तर तो घडी पडून उलगडतो. पहिल्यांदा हे बघताना माझा हात थांबला होता. मागे राहिलेलं पांढरं रसायन ब्रशने हळू धुवा, चित्र स्वच्छ पाण्याच्या दुसऱ्या ट्रेमध्ये न्या आणि जाड जलरंगाचा कागद त्याच्या खाली सरकवून दोन्ही एकत्र वर उचला. कागदावर आल्यावर ओल्या ब्रशने सुरकुत्या हव्या तेवढ्या ठेवा किंवा काढा. पाण्यात चित्र उलटं झालं तर कागदावर डावं-उजवं बदलतं; फोटोत एखादी पाटी असेल तर लगेच ध्यानात येतं, नाहीतर वाळल्यावर.

या ट्रे पुन्हा जेवणाखाण्यासाठी वापरू नका.

पूर्वी आपण फोटो ‘धुवायला टाकायचो’. तेव्हा तो धुतल्यावर पक्का होत असे. इथे धुतला की तो सुटतो.

### इन्स्टॅक्सवर हे सगळं जमतं का?

थोडं जमतं. फुजीफिल्मची इन्स्टॅक्स १९९८ पासून आहे आणि तिची घडण वेगळी आहे: उजेड मागच्या बाजूने पडतो आणि चित्र पुढून दिसतं, त्यामुळे चित्र सुलटं करायला पोलरॉइडसारखा कॅमेऱ्यात आरसा लागत नाही. ती फिल्म जास्त शिस्तीची आहे. रंग स्थिर, वेग जास्त, चुका कमी. दुहेरी एक्स्पोजर मजेत होतं, इमल्शन लिफ्ट बरीच झटापट करायला लावते. शिस्तीची फिल्म वाईट असं नाही. समोरच्या दृश्यावर प्रयोग करायचे असतील तर तीच बरी, फिल्मवर करायचे असतील तर पोलरॉइड.

### मुदत संपलेली फिल्म घ्यावी का?

घ्या, पण डोळे उघडे ठेवून. पुडीतलं रसायन वर्षांनुवर्षं सुकत जातं, त्यामुळे ते फोटोच्या कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही; तिथे तपकिरी किंवा पिवळे पट्टे राहतात. रंगांचा तोल जातो. शिवाय जुन्या ६०० (हाही पोलरॉइड फिल्मचाच एक प्रकार) आणि एसएक्स-७० पॅकमध्येच बॅटरी असते. ती मेली असेल तर फिल्म चांगली असूनही कॅमेरा हलत नाही. पोलरॉइडच्या मूळ कारखान्यातून शेवटी निघालेल्या पॅकची मुदत २००९ च्या सुमारास संपली आहे. तसे पॅक आता बहुतांशी मेलेलेच समजा.

नवी फिल्म साधारण वर्षभरात वापरावी असं सांगतात. दोन-तीन वर्षं जुनी असेल तर फरक दिसतो पण चित्र येतं. मला तोच टप्पा आवडतो.

### ओल्या फोटोवर कोरून चित्र बदलायचे, तसं आता करता येतं का?

जवळजवळ नाही. जुन्या एसएक्स-७० फिल्ममधला थर बराच वेळ मऊ राहायचा, त्यावर बोथट टोकाने रेघा ओढता यायच्या. अमेरिकी कलाकार लुकास समारास यांनी १९७३ पासून स्वतःचेच फोटो असे पिळवटून काढले: चेहरा वितळतोय, खोली ढवळली जातेय. आजच्या फिल्ममध्ये तो मऊपणा नाही. सोलून वेगळ्या करायच्या फिल्मचंही तेच. तिची निगेटिव्ह वेळेआधी सोलून ओल्या कागदावर दाबली की चित्र कागदावर उतरायचं. फुजीफिल्मने अशा फिल्मचा आपला शेवटचा प्रकार २०१६ मध्ये बंद केला. म्हणजे इथे नुसते फोटोच नाहीत, तंत्रंही नाहीशी होतात.

### कोणाचं काम बघावं?

समारास वर आलेच. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी १९८२ मध्ये डझनावारी पोलरॉइड शेजारी शेजारी जोडून एकेक चित्र उभं केलं. पांढऱ्या पट्ट्यांची जाळी तशीच ठेवून. प्रत्येक चौकोन वेगळ्या क्षणाचा, म्हणून एकाच माणसाची मान तीन दिशांना. अमेरिकी छायाचित्रकार वॉकर एव्हान्स यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात एसएक्स-७० हाती घेतला आणि पाट्यांची अक्षरं, चेहरे टिपले.

पण मी एकच नाव सांगायचं तर जेमी लिव्हिंगस्टन. न्यूयॉर्कच्या या छायाचित्रकाराने मार्च १९७९ मध्ये रोज एक पोलरॉइड काढायला सुरुवात केली आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये, आपल्या एक्केचाळिसाव्या वाढदिवशी, मरण पावेपर्यंत ते चालू ठेवलं. ताट, मित्र, रस्ता, शेवटी रुग्णालय. एकेकटा फोटो बघितला तर कित्येक अगदी सामान्य आहेत. त्यात रसायनांचा एकही प्रयोग नाही, तरी मी त्याला या पानावर जागा देतोय. दिवसाला एकच फोटो, दुसरा नाही, हीसुद्धा मोठी अट आहे.

### हे फोटो किती वर्षं टिकतात?

कुठे ठेवता त्यावर आहे. उन्हात लावलेला काही महिन्यांत फिका पडायला लागतो. अंधारात ठेवलेला जास्त टिकतो, पण जुन्या पोलरॉइडचा पांढरा भाग अंधारातही पिवळट होत जातो आणि काहींच्या आतल्या थराला बारीक भेगा पडतात. सुरुवातीच्या कृष्णधवल फोटोंची गंमत अशी, की लेपाचा बोळा ज्या पट्ट्यावरून फिरायचा राहिला तेवढाच पट्टा विरून गेला. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणाचा तरी हात घाईत होता हे फोटोवर दिसतं.

ओलावा हा मोठा शत्रू. २०१० च्या सुमाराच्या इम्पॉसिबल फिल्ममध्ये आत अडकलेल्या ओलाव्यामुळे फोटोभर स्फटिक उगवायचे आणि चित्र खाऊन टाकायचे. लोक मागून चीर पाडून, सिलिका जेलच्या डब्यात ठेवून ते वाचवायचे. काहींनी मुद्दाम वाचवले नाहीत. नवी फिल्म बरीच सुधारली आहे, तरी पहिला महिनाभर फोटो कोरड्या, मोकळ्या जागी राहू द्या, लगेच काचेच्या चौकटीत कोंडू नका.

### स्कॅन करून ठेवला तर क्षणभंगुरतेचं काय राहिलं?

सगळं राहिलं. स्कॅन त्या दिवशीच्या फोटोचा असतो. मी काही फोटो दर वर्षी एकदा स्कॅन करतो, त्याच यंत्रावर, त्याच सेटिंगवर. त्यातल्या एका इमल्शन लिफ्टचे चार स्कॅन झालेत. पहिल्यात आकाश निळं आहे, चौथ्यात राखाडी म्हणावं असं. स्कॅन नसते तर मी शपथेवर सांगितलं असतं की ते पहिल्यापासून तसंच होतं.

‘क्षणभंगुर’ या शब्दात भंग आहे, मोडणं आहे. इन्स्टंट फोटो तसा एका झटक्यात मोडत नाही. झिजतो, सुकतो, रंग सोडतो. ते मला जास्त रस घेण्यासारखं वाटतं, कारण ते बघत बसता येतं.

### मग बिघडलेला प्रत्येक फोटो सुंदर मानायचा का?

अजिबात नाही. हा या क्षेत्रातला सगळ्यात कंटाळवाणा आळस आहे. पाठीमागून उजेड शिरलाय, अर्धा फोटो तपकिरी झालाय आणि खाली ‘अपूर्णतेचं सौंदर्य’ असं लिहिलंय, असे फोटो मीही काढलेत. माझी कसोटी साधी आहे: डाग नसता तर हा फोटो मी ठेवला असता का? नाही. आणि डाग फोटोशी काही बोलतोय का? नाही. तर तो नुसता बिघडलेला फोटो. बरणीच्या फोटोत कोपऱ्यात एक पांढरा डाग आहे, तो नेमका खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या तिरिपीवर पडलाय. तो ठेवला. तसे दहात एक-दोन.

### प्रत्येक फोटोवर ठरावीक अंतराने तसाच ठिपका येतो. हा प्रयोग समजू का?

रोलरवर सुकलेलं रसायन चिकटलंय. ओल्या कापडाने पुसा.

### एकच प्रत असते. ज्याचा फोटो काढला त्याने मागितला तर?

द्या. एवढ्यासाठी दोन काढून ठेवण्याचा सल्ला मिळतो, पण दुसऱ्या फोटोला माणूस तयार होऊन बसलेला असतो, मान सरळ झालेली असते. मी पहिलाच देतो. एका फोटोत शेजारच्या आजी दाराशी उभ्या होत्या आणि फोटो कोरा निघाला म्हणून मला रागे भरत होत्या, तेवढ्यात त्यातून त्यांचा पदर उमटायला लागला. तो फोटो त्यांनी हातातून सोडलाच नाही. माझ्याकडे असलेल्या दुसऱ्या फोटोत त्या छान दिसतात, पण रागावलेल्या नाहीत.